शेगडीवरचा दिवा

एखाद्याच्या डोक्यात गोष्ट जरा उशिरा शिरली, की आपण त्याला ‘ट्यूबलाईट’ म्हणतो. शाळकरी पोरांपासून कचेरीतल्या साहेबापर्यंत सर्वांनी हा शब्द वापरून गुळगुळीत करून टाकला आहे. बटण दाबले, की आधी नळीची टोके लालसर होणार, मग एकदोनदा लुकलुक, आणि मग सावकाश उजेड. ही दिरंगाई आपल्या इतक्या अंगवळणी पडलेली, की ती का होते हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आज या दिरंगाईचीच गोष्ट वाचकांपुढे ठेवायची आहे. मात्र तिच्यासाठी आपल्याला थोडे दूर, अमेरिकेतल्या एका जुन्या स्वयंपाकघरात जावे लागेल. दूर म्हणायचे, पण आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले-सुना आज तिकडे संसार थाटून आहेत. तेव्हा ते स्वयंपाकघर अगदीच परके नव्हे.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत घरगुती वस्तूंचे कारखाने पुन्हा जोमाने सुरू झाले. त्या काळात बनलेल्या तिथल्या शेगडीला ‘रेंज’ म्हणतात. आपल्या दोन बर्नरांच्या शेगडीवरून तिची कल्पना करू नका. ती कपाटाएवढी वस्तू असते. वर चार-सहा बर्नर, खाली पाव-केक भाजायची भट्टी, अंगावर पांढरेशुभ्र एनॅमल आणि कडांना लखलखीत क्रोम. लॉस एंजेलिसची ओकीफ अँड मेरिट, कॅलिफोर्नियातल्याच न्यूअर्क गावी बनणारी वेजवुड, ओहायोतल्या मॅन्सफील्डची टॅपन, ही त्यांतली काही गाजलेली नावे. शेगडीच्या मागच्या अंगाला एक उभा पत्रा असे. त्यावर घड्याळ, वेळ सांगणारी घंटी आणि पुष्कळ नमुन्यांत एक आडवी, हातभर लांबीची फ्लुओरेसन्ट नळी. पातेल्यात डोकावणाऱ्या गृहिणीची सावली पातेल्यात पडू नये, यासाठी ती योजना.

या शेगड्या इतक्या भक्कम, की सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही त्यांतल्या अनेक चालू आहेत. बर्नर चालतो, भट्टी तापते, झाकण घट्ट बसते. बंद असतो तो बहुधा मागचा दिवा. नवा मालक बटण दाबतो, काही होत नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा काही नाही. मग तो म्हणतो, “गेला हा.” आणि पुष्कळदा तो दिवा गेलेला नसतोच! त्या काळच्या कित्येक शेगड्यांवर हे बटण नुसते दाबून सोडायचे नसे. ते एकदोन सेकंद दाबून धरायचे आणि मग सोडायचे. धरले असता नळीची टोके तांबूस होतात. सोडल्याबरोबर नळी उजळते. घंटीचे बटण दाबावे तसे टिचकीसारखे दाबले, तर हा दिवा जन्मात लागायचा नाही.

म्हणजे इथे दिवा बिघडलेला नसतो. दिवा लावण्याची रीत तेवढी विसरली गेलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट मोठी बोलकी वाटते. वस्तू टिकते, पण तिच्याबरोबरचे हाताचे ज्ञान एका पिढीत पुसून जाते, आणि मग धडधाकट वस्तूही मृत ठरते. हे दोन सेकंद आले कुठून, आणि गेले कुठे?

त्याचं असं आहे, की हा दिवा एका माणसाने एका दिवशी शोधून काढलेला नाही. १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी एका जुन्या चमत्काराला नाव दिले. काही पदार्थांवर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले, की ते पदार्थ दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजात हा गुण दिसतो, म्हणून त्यांनी त्याला ‘फ्लुओरेसन्स’ म्हटले. पुढे १८५७ च्या सुमारास जर्मनीत बॉन येथे हाइन्रिश गाइसलर या काच फुंकणाऱ्या कुशल कारागिराने हवा काढून घेतलेल्या नळ्या बनवल्या. त्यांत थोडासा वायू ठेवून वीज सोडली, की नळी रंगीत प्रकाशाने भरून जाई. पॅरिसच्या एदमाँ बेकरेल यांनी या दोन गोष्टींचे लग्न लावले. अशा नळ्यांत त्यांनी चमकणारे पदार्थ घालून पाहिले. ट्यूबलाईटचे मूळ तत्त्व १८६० च्या आतच हाती आले होते! पण तत्त्व हाती येणे वेगळे आणि स्वयंपाकघरात दिवा लागणे वेगळे. मध्ये जवळजवळ ऐंशी वर्षे जायची होती.

त्या ऐंशी वर्षांत खटपटी पुष्कळ झाल्या. एडिसनने १८९६ साली क्ष-किरणांनी चमकणारा दिवा करून पाहिला. त्या प्रयोगांत त्याचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे हात भाजले, पुढे ते कापावे लागले, आणि १९०४ साली तो बिचारा वारला. एडिसनने तो नाद सोडून दिला. त्याच १९०४ साली मॅकफार्लन मूर याने न्यू जर्सी राज्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात लांबच लांब वायूच्या नळ्या बसवल्या. प्रकाश छान होता, पण सगळी मांडणी जागेवरच जोडायची आणि वीजदाब भयंकर. त्याच्या आधीच, १९०१ साली, पीटर कूपर ह्युइट याने पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचे पेटंट मिळवले होते. वीज कमी खाणारा आणि उजेड भरपूर देणारा असा हा दिवा. पण त्याच्या प्रकाशात तांबडा रंग जवळजवळ नव्हताच. त्याच्याखाली बसलेला माणूस हिरवानिळा, प्रेतासारखा दिसे. कारखान्यात आणि छायाचित्रकाराच्या खोलीत हे खपून गेले. पण ज्या उजेडात टोमॅटो काळा दिसतो आणि घरची माणसे आजारी दिसतात, तो उजेड चुलीपाशी कोण नेईल?

तोड निघाली ती दोन बाजूंनी. बर्लिनमध्ये एडमुंड गेर्मर आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९२६ साली पेटंटासाठी अर्ज केला. पाऱ्याची वाफ, योग्य दाब आणि नळीच्या आतून चमकणाऱ्या भुकटीचा लेप, अशी ती कल्पना होती. दुसरीकडे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९३४ साली हे काम मनावर घेतले. त्याला निमित्त झाले एका पत्राचे. नोबेल पारितोषिक मिळवलेले पदार्थवैज्ञानिक आर्थर कॉम्प्टन त्या कंपनीचे सल्लागार होते. इंग्लंडमध्ये असा दिवा आपण पाहिल्याचे त्यांनी तिकडून कळवले. क्लीव्हलंडजवळच्या नेला पार्क या प्रयोगशाळेत जॉर्ज इनमन यांच्या हाताखालची मंडळी कामाला लागली. नोव्हेंबर १९३६ मध्ये अमेरिकन पेटंट कचेरीची शताब्दी साजरी झाली, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या मेजवानीचे दालन या नव्या दिव्यांनी उजळले होते. एप्रिल १९३८ मध्ये ते विक्रीला आले. त्यांच्यात पंधरा वॅटची, अठरा इंच लांबीची नळी होती. आपल्या शेगडीवर पुढे जाऊन बसणारी नळी ती हीच.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. नवा दिवा साध्या बल्बच्या तिपटीहून अधिक कार्यक्षम. हे ऐकून गिऱ्हाईक खूश झाले असते, पण वीज विकणाऱ्या कंपन्या धास्तावल्या. तेवढाच उजेड तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत मिळू लागला, तर आपल्या बिलांचे काय? १९३९ साली दिवे करणारे आणि वीज विकणारे नेला पार्क येथे एकत्र बसले. ‘कमी विजेत तेवढाच उजेड’ असे न म्हणता ‘तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त उजेड’ अशा बाजूने हा दिवा पुढे आणायचा, असे धोरण त्यातून निघाले. मग युद्ध आले. कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि या सावली न पाडणाऱ्या, थंड उजेडाची गरज एकदम वाढली. लाखो कामगार, त्यांत प्रथमच कारखान्यात आलेल्या कितीतरी स्त्रिया, या नळ्यांखाली काम करून घरी परतल्या. युद्धानंतर तोच दिवा त्यांच्या मागोमाग घरात आला आणि शेगडीच्या पाठीवर बसला. कारखान्याचा उजेड स्वयंपाकघरात येणे म्हणजे त्या काळी आधुनिकपणाची खूण होती.

आता ते दोन सेकंद. नळीच्या दोन्ही टोकांना बारीक तंतू असतात आणि त्यांच्यावर एक खास लेप असतो. तंतू तापला, की त्यातून विद्युत्कण सहज सुटू लागतात. नळी गार असताना वीज तिच्यातून जायला तयार नसते. म्हणून आधी टोके तापवायची. बटण दाबून धरले, की वीज नळीच्या पोटातून न जाता दोन्ही तंतूंतून, बटणातून आणि एका चोकमधून फिरते. टोके लाल होतात. बटण सोडले, की ही वाट एकदम तुटते. चोक म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. त्याच्यातला प्रवाह असा अचानक तोडला, की ते वेटोळे क्षणभर मोठ्या दाबाचा तडाखा देते, आणि त्या तडाख्याने नळी पेटते. आत पाऱ्याची वाफ अतिनील किरण टाकते आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचे दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो.

चोकचे काम एवढ्यावर संपत नाही. एकदा वीज जाऊ लागली, की नळीतला वायू तिला अधिकाधिक वाट करून देतो. आवरले नाही, तर प्रवाह वाढतच जाईल आणि नळी फुकट जाईल. उधळत्या बैलाला वेसण असावी तसा हा चोक. अमेरिकेत घरातला वीजदाब सुमारे १२० व्होल्टचा. एवढ्यावर साधा चोक हातभर, फार तर दोन फूट लांबीची नळी सांभाळू शकतो. त्याहून लांब नळीला तिकडे दाब वाढवणारी निराळी मांडणी लागते. आपल्याकडे दाब २३० व्होल्टचा, म्हणून आपल्या भिंतीवर चार फुटांची नळी साध्या चोकवर खुशाल चालत आली.

आणि आपल्याकडे बटण धरावे का लागले नाही? कारण त्या बोटाचे काम करायला स्टार्टर आला होता. अंगठ्याएवढ्या डबीत एक काचेची कुपी, तिच्यात दोन धातूंची जोडपट्टी. पट्टी तापते, वाकते, वाट जोडते. गार होते, सरळ होते, वाट तोडते. म्हणजे गृहिणीचे बोट जे करीत असे तेच! फरक इतकाच, की बोटाला टोके लाल झालेली दिसतात, आणि पट्टीला दिसत नाहीत. म्हणून ती दोनतीनदा चुकते, नळी लुकलुकते, आणि आपण एखाद्या बिचाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाईट’ म्हणून मोकळे होतो. शेगडीवर मात्र साधे बटण पुष्कळ वर्षे टिकून राहिले. शेगडीपाशी माणूस उभाच असतो. त्याचे बोट असताना वेगळी डबी कशाला?

आता समजा, आपल्याला असा दिवा दुरुस्त करायचा आहे. प्रथम वीज तोडायची. गॅसच्या रेंजची दिव्यापुरती असलेली वायर भिंतीतून काढायची. विजेच्या रेंजचा मुख्य स्विच बंद करायचा, कारण तिच्या पोटात २४० व्होल्ट खेळत असतात. नंतर नळीच्या टोकाशी छापलेली अक्षरे वाचायची. ‘एफ १५ टी ८’ असे काहीसे लिहिलेले असते. एफ म्हणजे फ्लुओरेसन्ट, १५ म्हणजे वॅट, टी म्हणजे नळीचा आकार, आणि शेवटचा आकडा म्हणजे जाडी, इंचाच्या आठव्या हिश्श्यात मोजलेली. टी ८ म्हणजे एक इंच आणि टी १२ म्हणजे दीड इंच. अठरा इंची पंधरा वॅटची नळी या दोन्ही जाडींत बनत असे, म्हणून नवी घेताना जाडीही पाहून घ्यावी.

मग परीक्षा. बटण दाबून धरले असता टोके मुळीच लाल होत नाहीत? तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. नळी काढून तिच्या प्रत्येक टोकाच्या दोन पिनांमध्ये मीटर लावून पाहावा. थोडे ओहम दाखवले, तर तंतू शाबूत. तंतू शाबूत असेल, तर होल्डरचे पितळी पान पाहा. शेगडीवर वर्षानुवर्षे फोडणीचा नाही, तरी बेकनचा तेलकट धूर चढलेला असतो. पान साफ करून किंचित पुढे आणले, की कितीदा तेवढ्यानेच काम होते. टोके लाल होतात पण सोडल्यावर नळी पेटत नाही, आणि टोके काळीभोर झाली आहेत? तर तंतूंवरचा लेप संपला. नळीचे आयुष्य झाले. ज्या शेगडीत स्टार्टर आहे तिथे टोके नुसती लाल राहत असतील, तर स्टार्टर आतून चिकटला आहे. आणि एवढे सगळे ठीक असून प्रवाहच येत नसेल, तर बटण, वायर किंवा चोक. चोक जळला असेल, तर तेवढ्याच वॅटचा दुसरा बसवायचा; अंदाजाने जवळपासचा चालत नाही.

इथे मात्र जरा थांबायला हवे. भट्टीशेजारच्या जुन्या वायरींवरचे रबर उष्णतेने बिस्किटासारखे कडक झालेले असते. हात लावला, की तुकडे पडतात. अशा वायरी बदलून उष्णता सोसणाऱ्या नव्या घालाव्यात आणि शेगडीच्या पत्र्याला अर्थिंग द्यावे, कारण जुन्या दोन पिनांच्या प्लगला ते नसे. वायरीवर किंवा भट्टीभोवती पांढरट, कापडी, धागेदार आवरण असेल, तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते खरवडू नये, घासू नये. जाणकाराकडून तपासून घ्यावे. लहान चोकमध्ये सहसा लोखंड आणि तांबेच असते. पण चोकबरोबर जुना कपॅसिटर असेल, तर त्यातले तेल विषारी असण्याचा संभव असतो. अमेरिकेत तसल्या तेलाचे उत्पादन १९७९ साली बंद झाले. तो फोडून पाहण्याची हौस नसावी.

आणि ती मूळची जुनी नळी? ती अगदी जपून काढावी. पहिल्या दहा वर्षांतल्या नळ्यांच्या लेपात बेरिलियम असे. मॅसॅच्युसेट्समधल्या अशा नळ्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तरुण मुलींना १९४० च्या दशकात फुप्फुसांचे असाध्य दुखणे जडू लागले. आधी क्षय समजून चाललेले हे दुखणे बेरिलियमच्या भुकटीचे आहे, हे हळूहळू ध्यानात आले, आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या दिवे करणाऱ्यांनी तो लेप सोडला. त्याची जागा एका निराळ्या भुकटीने घेतली. ती १९४२ साली इंग्लंडमध्ये मॅकीग आणि रॅन्बी यांनी शोधून काढलेली होती. स्वयंपाकघर उजळणाऱ्या नळीमागे कोणाचा श्वास गेला, हे ओट्यापाशी उभ्या असलेल्या गृहिणीला कसे कळावे? नळ्या, चोक, बटणे यांचा इतिहास लिहिताना या मुलींना वगळून चालायचे नाही.

पारा तर प्रत्येक नळीत असतोच. चुकून फुटली, तर खिडक्या उघडाव्यात, काही वेळ खोलीबाहेर थांबावे, तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने उचलावेत. झाडू किंवा विजेचा झाडू वापरला, तर पारा घरभर पसरतो. आणि हा पाराच आता या दिव्याचा शेवट करीत आहे. जपानमधल्या मिनामाता उपसागरात कारखान्याने सोडलेला पारा माशांतून माणसांत गेला, आणि १९५६ मध्ये तिथले भयंकर आजार उघडकीस आले. त्या गावाचे नाव घेऊन २०१३ साली पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१७ मध्ये अमलात आला. २०२३ साली करारातल्या देशांनी ठरवले, की फ्लुओरेसन्ट नळ्यांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची. जिथे या रेंज सर्वाधिक जपल्या जातात, त्या कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून सरळ नळ्यांची नवी विक्रीच कायद्याने बंद केली.

म्हणजे पेच असा पडतो. शेगडी आहे, होल्डर आहेत, चोक गुणगुणतो आहे, बोटाला दोन सेकंदांची रीतही पुन्हा शिकवली. आणि नळीच मिळायची नाही! यावर हळहळावे, तर पाऱ्याची बाजू घेतल्यासारखे होते. कायदा योग्यच आहे. पण मग ही शेगडी दुरुस्त करायची, म्हणजे नेमके काय राखायचे?

वाटा तीन आहेत. पहिली म्हणजे, शिल्लक साठ्यातल्या किंवा कोणाच्या माळ्यावरच्या नळ्या मिळवून चालेल तितके दिवस चालवणे. दुसरी म्हणजे, त्याच लांबीची एलईडी नळी आणणे. तिच्यात दोन जाती आहेत. एक जात चोक तसाच ठेवून बसते. पण ती सगळ्या जुन्या चोकांशी जुळतेच असे नाही, विकत घेताना विचारून घ्यावे. दुसऱ्या जातीला चोक आणि स्टार्टर मांडणीतून काढून सरळ वीज द्यावी लागते. अशी जोडणी केली, तर होल्डरपाशी तशी चिठ्ठी चिकटवायलाच हवी. पुढे कोणी अजाणतेपणी जुनी नळी तिथे खोचली, तर धोका आहे. तिसरी वाट म्हणजे, सगळे उपटून टाकून पत्र्याखाली एलईडीची चिकटपट्टी लावून देणे. ती स्वस्त आणि झटपट. आणि बहुतेक ठिकाणी तिचाच अवलंब होतो.

माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, पण एका अटीवर. काढलेला चोक, बटण, जुन्या वायरींचा नकाशा हे सारे एका डबीत घालून शेगडीच्याच खालच्या खणात ठेवावे. पत्र्याला नवे भोक पाडू नये, जुना होल्डर कापू नये. आपल्या मागून येणाऱ्याला आपली दुरुस्ती उलगडून मूळ मांडणी पुन्हा करता आली पाहिजे. जुनी हस्तलिखिते आणि चित्रे सांभाळणारे लोक हाच नियम पाळतात: आज करायचे ते असे करा, की उद्या ते सोडवता येईल. तो नियम दप्तरखान्यापुरताच का असावा? चुलीलाही तो लागू आहे.

याचे कारण जरा मोठे आहे. या दिव्याचे भाग मोजून पाहा: नळी, दोन होल्डर, बटण, चोक. चारच नावे. प्रत्येक वेगळा काढता येतो, वेगळा तपासता येतो, वेगळा बदलता येतो. म्हणूनच ज्याने तो बनवला त्याच्या नातवाच्या वयाचा माणूस एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक मीटर घेऊन तो पुन्हा लावू शकतो. नंतरच्या दिव्यांत आधी बोट गेले, त्याच्या जागी स्टार्टर आला. मग स्टार्टर गेला, त्याच्या जागी न दिसणारी इलेक्ट्रॉनिक मांडणी आली. आता तर दिवा, चोक आणि होल्डर मिळून एकच बंद पट्टी झाली आहे. उजेड वाढला, वीज वाचली, पारा गेला, हे सारे भले झाले. पण प्रत्येक पायरीवर वापरणाऱ्याला कळण्यासारखे थोडे थोडे कमी होत गेले. ती पट्टी बंद पडली, की आपल्या हाती एकच इलाज उरतो, तो म्हणजे कचऱ्याची पेटी.

आपल्याही घरांत हे चालूच आहे. स्टार्टर काढून, किंचित फिरवून पुन्हा बसवणारी आणि नळी लावून दाखवणारी माणसे गेल्या पिढीत घरोघर होती. त्यांना वायरमन बोलवावा लागत नसे. आज त्यांच्या नातवंडांना चोक हा शब्द ठाऊक असेल, पण चोक काय करतो हे ठाऊक नसेल. नळ्या आता भिंतींवरून उतरत आहेत. काही वर्षांनी ‘ट्यूबलाईट’ हा शब्द फक्त मंद माणसापुरता उरेल, आणि तसे का म्हणतात ते शब्दकोशात पाहावे लागेल. तेव्हा वाचकहो, घरातली शेवटची नळी उतरवाल तेव्हा ती नीट पुठ्ठ्यात गुंडाळून योग्य ठिकाणी द्या. आणि त्याआधी एकदा घरातल्या मुलाला जवळ बोलावून टोके का लाल होतात, ती लुकलुक कशाची, चोक कशासाठी, हे दाखवा. वस्तू जाते ती काळाप्रमाणे जातेच. तिच्याबरोबर तिची समजूतही जाऊ द्यायची की नाही, एवढे मात्र आपल्या हाती आहे.